मोटारगाडीच्या रंगलेपाचे पुनरुज्जीवन

ऊन, पाऊस, धूळ व घर्षण यांमुळे निस्तेज झालेल्या, भुकटी सुटू लागलेल्या किंवा ठिकठिकाणी खरचटलेल्या मोटारगाडीच्या रंगलेपाची चकाकी व संरक्षणक्षमता शक्य तितकी परत आणण्याच्या प्रक्रियेस रंगलेपाचे पुनरुज्जीवन म्हणतात. मूळचा लेप कायम ठेवून त्याचा खराब झालेला पृष्ठभाग घासून काढणे, लहान जखमा रंगाने भरणे व वर मेणासारखा संरक्षक थर देणे एवढीच कामे यात येतात. रंग खरवडून सर्व गाडी नव्याने रंगविणे म्हणजेच पुनर्रंजन ही याहून निराळी व कितीतरी अधिक खर्चाची क्रिया आहे. जुनी गाडी विकावयाची वेळ आली म्हणजे या दोहोंपैकी काय करावे, हा प्रश्न मालकापुढे उभा राहतो. एंजिन, गतिपेटी, रोधक यांची अवस्था गाडी चालवून पाहिल्याखेरीज कळत नाही. रंग मात्र लांबूनच दिसतो आणि त्यावरून गाडीची निगा कशी राखली गेली असेल याचा अंदाज गिऱ्हाईक बांधतो. हा अंदाज पुष्कळदा चुकीचा असतो, परंतु किंमत ठरताना तो उपयोगात येतोच. रंगलेपाचा कोणता थर निकामी झाला आहे हे अगोदर ओळखले, तर थोड्या खर्चात बरेच साधते. ते न ओळखता केलेला खर्च बहुधा वाया जातो.

रंगलेपाची रचना : मोटारगाडीचा रंग हा एक थर नसून थरांचा समूह असतो. सध्याच्या गाड्यांत स्वच्छ केलेल्या पत्र्यावर प्रथम जस्त फॉस्फेटाचा अतिशय पातळ थर देतात. त्यावर गाडीचा सबंध सांगाडा रंगाच्या हौदात बुडवून विजेच्या साहाय्याने सु. २० मायक्रॉन जाडीचे गंजरोधक अस्तर बसवितात (१ मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्यानंतर पृष्ठभाग सपाट करणारा मधला थर (सु. ३० ते ४० मायक्रॉन), मग रंगद्रव्याचा थर (सु. १२ ते २० मायक्रॉन) आणि सर्वांत वर रंगहीन पारदर्शक थर (सु. ३५ ते ५० मायक्रॉन) येतो. सर्व मिळून जाडी १०० ते १५० मायक्रॉनच्या आसपास असते. साधे पोस्टकार्डही याहून जाड भरते. गाडीची सर्व चकाकी वरच्या पारदर्शक थरावर अवलंबून असते. सूर्यप्रकाशातील जंबुपार किरण शोषून घेणारी द्रव्येही त्यातच मिसळलेली असतात. हा थर घासून पातळ केला म्हणजे केवळ जाडी कमी होत नाही, तर खालच्या रंगाचे छत्रही विरळ होते.

जुन्या पद्धतीत पारदर्शक थर नसे. रंगद्रव्य व चकाकी एकाच थरात असत. हिंदुस्थान मोटर्सच्या उत्तरपाडा येथील कारखान्यात १९५८ ते २०१४ या काळात तयार झालेली अँबॅसडर आणि मुंबईतील कुर्ला येथे प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९६४ पासून विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत तयार केलेली, १९७४ पासून ‘पद्मिनी’ या नावाने ओळखली जाणारी गाडी या प्रामुख्याने अशा एकथरी रंगाच्या होत. पारदर्शक थराची पद्धत रूढ झाल्यावरही पांढऱ्यासारख्या साध्या रंगाच्या अनेक गाड्या दीर्घकाळ एकथरी रंगातच येत राहिल्या. धातूच्या चुऱ्याची झाक असलेल्या रंगांना मात्र पारदर्शक थर जवळजवळ अपरिहार्य ठरतो, कारण उघडा राहिलेला ॲल्युमिनियमाचा चुरा लवकर काळवंडतो.

इतिहास : आरंभीच्या मोटारगाड्या घोडागाडीप्रमाणेच कुंचल्याने, तेल व रोगण यांचे थरावर थर देऊन रंगवीत. एक गाडी वाळून तयार होण्यास काही आठवडे लागत. अमेरिकेत ड्यू पाँ कंपनीने तयार केलेला ‘ड्यूको’ हा नायट्रोसेल्युलोजयुक्त लॅकर १९२३-२४ मध्ये जनरल मोटर्सच्या ओकलंड गाडीसाठी वापरण्यात आला. तो फवाऱ्याने देता येई व थोड्या वेळात वाळे, त्यामुळे कारखान्यातील मोठी अडचण दूर झाली. हा लॅकर वाळल्यावर निस्तेज दिसे व घोटूनच त्यास चकाकी आणावी लागे. रंग ‘घोटण्याची’ जी कला पुढे दुरुस्तीच्या व्यवसायात आली, तिचे मूळ येथे आहे. त्यानंतर अल्किड एनॅमल, ॲक्रिलिक रंग, १९६० नंतरच्या दशकात विद्युत् निक्षेपित अस्तर आणि १९८० च्या सुमारास पारदर्शक थराची पद्धत असे टप्पे आले. महाराष्ट्रात या उद्योगाची परंपरा जुनी आहे. मुंबईत लोअर परळ येथे १९२० मध्ये सुरू झालेली गहागन पेंट्स ही कंपनी १९५७ मध्ये गुडलास नेरोलॅक व २००६ मध्ये कन्साई नेरोलॅक झाली. वाहन कारखान्यांना रंग पुरविणाऱ्या भारतातील प्रमुख कंपन्यांत तिची गणना होते.

झिजेची कारणे : रंगलेपातील बंधक द्रव्य हे बहुवारिक, म्हणजे लांब साखळ्यांच्या रेणूंचे बनलेले असते. जंबुपार किरणांमुळे या साखळ्या तुटतात, हवेतील ऑक्सिजनाशी त्यांचे संयोग होतात व ओलाव्यामुळे त्यांचे जलीय विच्छेदन होते. पृष्ठभागावरील बंधक असे नष्ट झाले, की त्यात बांधलेले रंगद्रव्याचे कण मोकळे होतात व हात फिरविल्यास बोटांना खडूसारखी भुकटी लागते. पांढऱ्या रंगातील टिटॅनियम डाय-ऑक्साइड हे स्वतःच या क्रियेस उत्प्रेरक ठरू शकते. म्हणून चांगल्या प्रतीच्या रंगात त्याचे कण सिलिका, ॲल्युमिना यांच्या लेपाने झाकलेले असतात. लाल रंगातील काही कार्बनी रंगद्रव्ये प्रकाशाने स्वतःच फिकी पडतात. लाल गाडी गुलाबीसर दिसू लागते ती काही अंशी यामुळे व काही अंशी पृष्ठभाग खडबडीत झाल्यामुळे. खडबडीत पृष्ठभाग प्रकाश एका दिशेस परावर्तित न करता सर्व बाजूंस विखुरतो. त्या विखुरलेल्या पांढऱ्या प्रकाशात मूळ रंग बुडून जातो.

मराठवाड्याचे हवामान या दृष्टीने रंगाला विशेष कठीण आहे. परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यातील ताडकळससारख्या गावी गाडी बहुधा अंगणात, झाडाखाली किंवा रस्त्याच्या कडेला उघड्यावरच उभी असते. हा प्रदेश सु. १९° उत्तर अक्षांशावर असल्याने मे महिन्याच्या मध्यास व जुलैच्या अखेरच्या आठवड्यात असे वर्षातून दोनदा मध्यान्हीचा सूर्य बरोबर माथ्यावर येतो. यांपैकी पहिली वेळ निरभ्र आकाशाची व कडक उन्हाची असते. हवेचे तापमान ४२° से. च्या वर जाणे ही तेव्हा नित्याची गोष्ट होय, आणि गडद रंगाचा पत्रा उन्हात ७०° से. च्या पुढे तापू शकतो. टप, बोनेट व डिकी हे आडवे भाग सर्वांत आधी जातात आणि दरवाजे बरेच दिवस टिकतात, त्याचे कारण हेच. एकाच गाडीचे दरवाजे चांगले व टप भुकटलेला असेल, तर तो उन्हाचा परिणाम समजावा. एखादाच दरवाजा वा एखादेच मडगार्ड भुकटलेले असेल, तर तो भाग केव्हातरी हलक्या रंगाने पुन्हा रंगविला असण्याची शक्यता अधिक.

उन्हाच्या जोडीला धूळ येते. काळ्या मातीच्या बारीक चिकणकणांपेक्षा रस्त्यावरील बेसाल्टच्या खडीचा चुरा रंगाला अधिक घातक असतो. कोरड्या फडक्याने गाडी रोज ‘झटकून’ स्वच्छ करण्याची सवय म्हणजे हाच चुरा रंगावर रोज घासणे होय. उन्हात तिरपे पाहिल्यास दिसणारे कोळ्याच्या जाळ्यासारखे वर्तुळाकार ओरखडे बहुतांशी या सवयीची देणगी असतात. बेसाल्टच्या खडकातील विहिरी व बोअर यांचे पाणी अनेक ठिकाणी जड असते. तापलेल्या पत्र्यावर ते वाळले म्हणजे चुन्याचे पांढरे ठिपके उरतात व काही काळाने लेपात रुततात. निंबाखाली वा चिंचेखाली सावलीला लावलेली गाडी उन्हापासून वाचते, पण झाडावरील किडींच्या पाझरणाऱ्या चिकट रसापासून व पक्ष्यांच्या विष्ठेपासून वाचत नाही. विष्ठा केवळ आम्लतेने रंग खाते असे नाही. दिवसा तापून प्रसरण पावलेला पारदर्शक थर रात्री आकुंचन पावताना वाळलेल्या विष्ठेच्या खडबडीत तळाभोवती आवळला जातो आणि तिचा ठसा उमटतो. असा डाग काही तासांत ओल्या फडक्याने निघतो. काही दिवसांनी मात्र घासूनही पुरता निघत नाही.

परीक्षा : काम हाती घेण्यापूर्वी गाडी धुऊन सावलीत तपासावी. पांढऱ्या स्वच्छ फडक्यावर किंचित घासमिश्रण (रबिंग कंपाउंड) घेऊन आतल्या बाजूच्या एखाद्या कोपऱ्यात घासल्यास फडक्याला गाडीचाच रंग लागला, तर रंग एकथरी समजावा. फडके पांढरे वा केवळ मळकट राहिले, तर वर पारदर्शक थर आहे. एकथरी रंग कितीही भुकटलेला दिसला तरी त्यातून बरेच काही परत मिळविता येते, कारण वरचा मेलेला भाग काढल्यावर खाली तोच रंग ताजा असतो. पारदर्शक थराची गोष्ट निराळी. तो नुसता ओरखडलेला वा किंचित धुरकट असेल तर घोटून सुधारतो. पण त्याचे पापुद्रे निघू लागले असतील, कडा पांढऱ्या होऊन सोललेल्या कातडीसारख्या दिसत असतील, तर घोटण्याने काहीही साध्य होत नाही. उलट पापुद्र्याची कड आणखी पसरते. या अवस्थेतील टप वा बोनेट पुन्हा रंगविणे किंवा तसेच सोडून देणे हे दोनच मार्ग उरतात.

दुसरी सोपी परीक्षा पाण्याची आहे. निस्तेज भाग ओला केल्यावर रंग पूर्वीसारखा गडद व चकचकीत दिसू लागला, तर पाण्याने पृष्ठभागावरील बारीक खळगे भरून निघाले असे समजावे. हेच खळगे घोटून सपाट करता येतात. ओला करूनही डाग तसाच दिसत असेल, तर दोष खोलवर आहे. डिझेल वा रॉकेलचा बोळा फिरवून गाडी चमकविण्याच्या युक्तीमागेही हेच तत्त्व आहे. तेल खळगे भरते व एक-दोन दिवस गाडी नवी दिसते. नंतर त्यावर धूळ चिकटून ती पूर्वीपेक्षा वाईट दिसू लागते. विक्रीच्या दिवशी हा उपाय सर्रास केला जातो, आणि जाणकार गिऱ्हाईक बोनेटवर बोट फिरवून तो तितक्याच सहज ओळखतो.

लेपाची जाडी चुंबकीय वा भोवरी प्रवाहाच्या तत्त्वावरील लहान मापकाने मोजता येते. कारखान्याच्या रंगापेक्षा दुप्पट जाडी आढळल्यास तो भाग पुन्हा रंगविलेला असतो. अर्ध्या मिलिमीटरच्या पुढे जाडी गेल्यास खाली लांबी, म्हणजे खोलगट भाग भरण्याचे लुकण, असण्याचा बळकट संभव असतो. मापक नसेल तर पातळ कापडात गुंडाळलेले लहान लोहचुंबक पत्र्यावर फिरवून पहावे. लांबीच्या जागी त्याची पकड ढिली होते. रंगाखाली आलेले फोड टाचणीने टोचून पाहिल्यास तांबडी भुकटी निघाली, तर तो गंज आहे व ते काम रंगाऱ्याचे नसून आधी पत्रेकाम करणाऱ्याचे आहे.

पुनरुज्जीवनाच्या क्रिया : पहिली पायरी धुण्याची. कपड्याच्या साबणाची पावडर क्षारधर्मी असून जुने मेण व रबरी पट्ट्यांचा ओलावा काढून घेते, म्हणून गाडीसाठी मिळणारा सौम्य साबण वापरावा. भरपूर पाणी ओतून सुटी धूळ आधी वाहून जाऊ द्यावी, मगच हात लावावा, व पाणी अंगावर वाळू न देता मऊ कापडाने टिपून घ्यावे. चुन्याच्या ठिपक्यांवर पाण्यात मिसळलेला व्हिनेगर काही क्षण ठेवून लगेच धुतल्यास वरवरचे ठिपके जातात. डांबराचे थेंब रॉकेलने निघतात, पण ती जागा नंतर साबणाने धुवावी लागते. यानंतरही पृष्ठभाग हाताला खरखरीत लागत असेल, तर या कामासाठी मिळणारी चिकणमातीसारखी कृत्रिम वडी साबणाच्या पाण्यात भिजवून हलक्या हाताने फिरवितात. रुतून बसलेले लोहकण व धूर यांचे कण तिला चिकटून निघून येतात. वडी जमिनीवर पडल्यास ती टाकून द्यावी, कारण तिला लागलेले खडे पुढे सर्व गाडीभर रेघा ओढतात.

मुख्य क्रिया घासण्याची. घासमिश्रणात ॲल्युमिनियम ऑक्साइडासारख्या अपघर्षकाचे सूक्ष्म कण तेल, पाणी व पायसकारक यांत मिसळलेले असतात. भरड, मध्यम व बारीक अशा प्रती मिळतात. नियम असा, की बारीक प्रतीने सुरुवात करावी व ती पुरत नसेल तरच भरड प्रतीकडे जावे. प्रत्यक्षात कामगार बहुधा उलट करतात, कारण भरड मिश्रणाने परिणाम लवकर दिसतो. प्रथम एखाद्या वीतभर जागेवर प्रयोग करून पहावा व तेथे जमलेली रीत सर्वत्र वापरावी. सावलीत, थंड पत्र्यावर, एका वेळी दोन हातांएवढाच भाग घ्यावा. मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत हे काम सकाळी लवकर उरकावे लागते. तापलेल्या पत्र्यावर मिश्रण क्षणात वाळते व त्याचे डाग काढणे हेच नवे काम होऊन बसते.

हाताने घासण्यास वेळ व श्रम फार लागतात, परंतु त्यात नुकसानीचा धोका कमी असतो. विजेच्या फिरत्या यंत्राने (बफ) काम झपाट्याने होते, तसेच नुकसानही. गादी एका जागी रेंगाळली तर घर्षणाच्या उष्णतेने रंग करपतो. दरवाजाच्या कडा, बोनेटच्या घड्या व पत्र्यावरील उठावाच्या रेषा येथे लेप मुळातच पातळ असतो, त्यामुळे काही सेकंदांतच अस्तर उघडे पडते. अशा सर्व कडांवर आधी चिकटपट्टी लावून ठेवावी. एका घोटणीत दोनचार मायक्रॉन जाडी जाते असे धरले, तर पारदर्शक थर किती वेळा घोटता येईल याचा हिशोब फार मोठा नाही. पूर्वीच्या मालकाने किती वेळा घोटले हे कळत नसल्याने तो हिशोब आणखी सावधपणे करावा लागतो. खोल ओरखड्यांसाठी १,५०० ते ३,००० क्रमांकाचा पाण्याचा पॉलिश कागद वापरतात. ते सरावलेल्या हाताचेच काम आहे. नख फिरविल्यावर अडकेल इतका खोल ओरखडा घासून काढण्याचा प्रयत्न करू नये.

एकथरी रंग अतिशय कोरडा पडला असेल, तर घासण्यापूर्वी त्यावर तेलकट पॉलिश वा पेट्रोलियम जेली चोळून रात्रभर ठेवण्याची जुनी पद्धत आहे. ती भुकटीत मुरून घर्षण कमी करते आणि रंगाला खोली आणते. घासताना कापड पुन्हा पुन्हा बदलावे लागते, कारण निघालेला मृत रंग कापडावर साचून तोच पुन्हा घासला जातो. सिलिकॉन असलेली पॉलिशे तात्पुरती फार सुंदर दिसतात. पण पुढे त्या भागावर रंग द्यावयाचा झाल्यास तो ठिकठिकाणी माशाच्या डोळ्यासारखी वर्तुळे सोडून मागे सरतो.

शेवटी मेण देतात. ब्राझीलमधील कार्नोबा नावाच्या ताडाच्या पानांवरील मेण या कामी प्रसिद्ध आहे. त्याचा वितळबिंदू ८०° से. च्या किंचित वर, म्हणजे नैसर्गिक मेणांत सर्वांत उच्च मेणांपैकी असला, तरी उन्हाने तापणाऱ्या टपावर ते काही आठवड्यांपेक्षा फारसे टिकत नाही. कृत्रिम बहुवारिकांची संरक्षके अधिक टिकतात. मेणाने ओरखडे जात नाहीत, फक्त काही काळ झाकले जातात. मात्र एकदा घोटलेला एकथरी रंग मेणाविना ठेवल्यास एका उन्हाळ्यात पुन्हा भुकटतो.

रंगाइतकाच परिणाम इतर भागांनी होतो. पॉलिकार्बोनेटाच्या पुढील दिव्यांची पिवळी पडलेली काच बारीक पॉलिश कागदाने व घासमिश्रणाने स्वच्छ केल्यास गाडीचे वय पाहणाऱ्याच्या डोळ्यांना कमी भासते, शिवाय रात्रीचा उजेडही सुधारतो. पांढरट पडलेल्या काळ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या, मळलेली चाके, दरवाजाच्या आतल्या कडांत साठलेली माती यांकडे लक्ष देण्यास पैसा जवळजवळ लागत नाही.

स्थानिक दुरुस्ती व पुनर्रंजन : खडा उडून पडलेले टवके व नखात अडकणारे ओरखडे बारीक कुंचल्याने भरतात. गाडीच्या पट्टीवर दिलेला रंगक्रमांक पाहून तोच रंग घेतला, तरी तो कारखान्यातून निघाल्या दिवसाच्या रंगाशी जुळतो, दहा वर्षे उन्हात राहिलेल्या रंगाशी नव्हे. म्हणून जुना भाग आधी घोटून मगच रंग जुळवावा. धातूची झाक असलेल्या रंगात फवाऱ्याचा दाब, अंतर व विरलकाचे प्रमाण यांवर छटा बदलते. त्यामुळे एकच दरवाजा रंगविला तर तो उठून दिसतो आणि कुशल रंगारी शेजारच्या भागावर रंग विरत नेतो. लहान गॅरेजमध्ये उघड्यावर फवारलेल्या रंगात धूळ बसते. पावसाळ्याच्या दमट हवेत लॅकर फवारल्यास विरलकाच्या बाष्पीभवनाने थंड झालेल्या पृष्ठभागावर दव जमून पांढरट झाक येते.

विक्रीसाठी सबंध गाडी रंगविणे सहसा परवडत नाही. स्वस्तात केलेल्या पुनर्रंजनात काचेच्या रबरावर, बिजागऱ्यांवर व चाकाच्या खाचेत रंगाचे शिंतोडे उरतात. ते पाहून ‘ही गाडी अपघातात सापडली होती काय?’ हा प्रश्न गिऱ्हाईक प्रथम विचारते. चांगले पुनर्रंजन करावे तर काचा, पट्ट्या, दिवे उतरविणे, लांबी भरणे, अस्तर देणे व भट्टीत वाळविणे यांचा खर्च जुन्या गाडीच्या किंमतीचा मोठा हिस्सा खाऊन टाकतो व तो वाढीव किंमतीतून क्वचितच वसूल होतो. फिकट पण मूळचा रंग हा गाडीच्या पूर्वेतिहासाचा पुरावा असतो. मारुती ८०० (१९८३–२०१४) किंवा टाटा सुमो (१९९४–२०१९) यांसारख्या, पुष्कळ खपलेल्या गाड्या विकत घेणारा ग्रामीण ग्राहक पत्रा शाबूत आहे की नाही याला चकाकीपेक्षा अधिक महत्त्व देतो, आणि ते योग्यच आहे. गाडी पंधरा वर्षांच्या जवळ आली असेल, तर नोंदणीच्या नूतनीकरणाचा व त्यासाठी लागणाऱ्या तपासणीचा खर्चही समोर असतो. अशा वेळी रंगावर घालावयाचे पैसे टायर, रोधक वा दिवे यांवर घालणे शहाणपणाचे ठरते. काळी-पिवळी म्हणून चाललेली जीप परवाना सोडून खाजगी वापरात आणावयाची असल्यास मात्र पुनर्रंजनास पर्याय नसतो. ज्या गाडीचा मूळ रंग पुनःस्थापित करण्यास संग्राहक मोबदला देतात, अशा जुन्या दुर्मिळ गाड्यांचाही विचार वेगळा.

आरोग्यविषयक धोके : घोटण्याच्या कामात धोका थोडा आहे, फवाऱ्याच्या कामात पुष्कळ. दोन घटक मिसळून वापरावयाच्या पॉलियुरेथेन रंगांच्या कठिणकारकात आयसोसायनेटे असतात. त्यांच्या फवाऱ्याने श्वसनमार्ग संवेदनशील होऊन दमा जडतो. एकदा जडल्यावर अत्यल्प मात्राही पुरते व रंगाऱ्याला व्यवसाय सोडावा लागतो. तोंडाला बांधलेल्या रुमालाने किंवा धुळीच्या साध्या मुखपट्टीने याचे निवारण होत नाही, कारण बाष्प त्यातून आरपार जाते. बाहेरून स्वच्छ हवा पुरविणारा मुखवटाच उपयोगी पडतो. लहान गॅरेजांतून तो क्वचितच दिसतो. जुन्या पिवळ्या व नारिंगी रंगांत लेड क्रोमेट असे. असा रंग कोरडा घासल्यास शिसेयुक्त धूळ उडते, म्हणून तो पाणी लावूनच घासावा व निघालेला गाळ अंगणात किंवा विहिरीजवळ टाकू नये. घरगुती व शोभेच्या रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भाग एवढे मर्यादित करणारे २०१६ चे भारतीय नियम वाहनांच्या रंगास लागू नाहीत, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

विक्री व कायदा : घोटून चकाकी आणणे आणि गंजलेला पत्रा लांबीने झाकून वर रंग देणे या दोन गोष्टी दिसण्यात सारख्या असल्या, तरी कायद्याच्या दृष्टीने भिन्न आहेत. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १७ प्रमाणे वस्तुस्थिती माहीत असून ती क्रियेने लपविणे हे कपट ठरते, व कलम १९ प्रमाणे कपटाने मिळविलेल्या संमतीवरील करार फसविला गेलेला पक्ष रद्द करवू शकतो. सर्वसाधारण पाहणीत ज्याला दोष कळणे शक्य होते त्याला मात्र ही सवलत नेहमीच मिळत नाही. म्हणून खरेदी करणाऱ्याने गाडी दिवसाउजेडी, कोरडी असताना व अंगावर तेलाचा हात नसताना पाहणे इष्ट. बोनेटच्या कडेचे व दरवाजाच्या बिजागऱ्यांचे स्क्रू खुललेले दिसल्यास, किंवा दोन भागांमधील फटी असमान असल्यास रंगापेक्षा तिकडे अधिक लक्ष द्यावे. विक्रेत्याने कोणता भाग केव्हा व कशासाठी रंगविला हे आधीच सांगितल्यास व पावती दाखविल्यास घासाघीस कमी होते, असा अनुभव आहे.

गाडीचा रंग हा नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलाचा भाग आहे. घोटणे, टवके भरणे किंवा त्याच रंगाने पुन्हा रंगविणे यांसाठी काही करावे लागत नाही; रंगच बदलल्यास तो परिवहन कार्यालयात नोंदवून घ्यावा लागतो, नाहीतर हस्तांतरणाच्या वेळी प्रमाणपत्र व गाडी यांत मेळ बसत नाही. परभणी जिल्ह्यातील गाड्यांची (एमएच २२) ही नोंद परभणी येथील कार्यालयात होते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५० प्रमाणे त्याच राज्यात विक्री झाल्यास विकणाऱ्याने १४ दिवसांच्या आत नमुना २९ मध्ये सूचना द्यावयाची असते, व घेणाऱ्याने ३० दिवसांच्या आत नमुना ३० मध्ये अर्ज करावयाचा असतो. हे हस्तांतरण पूर्ण होईपर्यंत कागदोपत्री मालक विकणाराच राहतो, आणि गाडीने केलेल्या अपघाताची जबाबदारीही त्याच्याकडे येऊ शकते.